दूखन, करपा आणि दहा गुंठे

आयर्लंडच्या हवामान खात्याला, म्हणजे मेट एरनला, उन्हाळा आला की एक जादा काम लागतं. वादळाचे, पावसाचे इशारे तर बाराही महिने चालूच असतात, पण मे-जूनपासून त्याच यादीत मधेच एक पिवळा इशारा दिसायला लागतो आणि तो असतो बटाट्याच्या रोगाचा. समुद्र खवळल्याची बातमी ज्या गंभीर आवाजात देतात त्याच आवाजात रेडिओवर सांगतात की पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत पुढचे दोन दिवस ब्लाइटला पोषक हवा आहे, बटाटेवाल्यांनी काय ते बघून घ्या. मी गॉलवेत नवीन आले तेव्हा मला याची जाम गंमत वाटायची, म्हणजे एवढा श्रीमंत देश, जगातल्या निम्म्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची ऑफिसं इथे, आणि बातम्यांत बटाट्याची तब्येत!

त्यामागचा नियम एकदम रोखठोक आहे. तापमान १० अंशांच्या वर, हवेतला दमटपणा ९० टक्क्यांच्या वर, आणि हे सलग १२ तास टिकलं की समजायचं रोगाला रान मोकळं. ऑस्टिन बर्क नावाच्या इथल्याच हवामानतज्ज्ञाने १९५० च्या दशकात हे गणित बसवलं, पुढे ते खात्याचे प्रमुख झाले आणि बटाट्याच्या इतिहासाचेही मोठे अभ्यासक. आता १० अंश आणि ९० टक्के दमटपणा म्हणाल तर गॉलवेतला निम्मा उन्हाळा असाच असतो. त्यामुळे इशारा आला म्हणून कोणी धावपळ करत नाही, पण खिडकीतून एकदा आभाळाकडे बघतात मात्र सगळेच.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. इथे सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात, ऐंशीच्या घरातल्या माणसाला तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून मी त्यांना आजोबाच म्हणते, अर्थ समजावून सांगितलाय आणि त्यांना ते आवडतं. मूळचे कॉनमाराचे, म्हणजे गॉलवेच्या पश्चिमेला तो सगळा खडक आणि दलदलीचा पट्टा आहे ना, जिथे काही गावांत अजून घरात आयरिश बोलतात, तिथले. घरामागे थोडे बटाटे लावतात. तर असाच एकदा इशारा आलेला, मी कपडे आत घेत होते, कुंपणापलीकडून आजोबा आभाळाकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "दूखन." मी दचकलेच! मला वाटलं यांचं काय दुखतंय आता, गुडघा की कंबर.

तर तो शब्द आयरिश आहे आणि उच्चार खरंच आपल्या 'दुखणं'च्या इतका जवळ आहे की काय सांगू, त्यांचा द आपल्यासारखाच दातावरचा, आणि ख जरा घशातून, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. नातं काही नाही, निव्वळ योगायोग. मूळ शब्द 'दुव', म्हणजे काळा. डब्लिन शहराच्या नावातही तोच आहे, दुव लिन, काळा डोह. त्या 'दुव'पासून दूखन, म्हणजे काळं पडणं, काळवंडणं, अंधारून येणं. आणि बटाट्याच्या शेतात उभं राहून म्हटलं तर त्याचा अर्थ एकच, रोग पडला.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे पावसाळ्यात पावसाच्या पाण्यावर बटाटा होतो, वेफर्स कंपन्यांच्या गाड्या थेट शेताच्या बांधापर्यंत येतात. बेणं मंचरच्या बाजारातून, पंजाबातून आलेलं. त्यामुळे या शब्दाशी माझी ओळख पटायला वेळ लागला नाही, कारण हाच रोग आमच्याकडे करपा. एक लवकर येणारा, एक उशिरा येणारा, आणि आयर्लंडला ज्याने होत्याचं नव्हतं केलं तो दुसरा, उशिराचा. आपल्याकडे रोगांची नावं अशीच आहेत बघा, तांबेरा, भुरी, काणी, केवडा, डाळिंबावरचा तेल्या, ज्याने कोणी नाव ठेवलं त्याने बांधावर उभं राहून जे दिसलं ते सांगितलं, का झालं वगैरे भानगडीत तो पडलाच नाही. आम्हाला पान करपलेलं दिसलं, त्यांना काळं पडलेलं.

त्या इशाऱ्यानंतर दोनेक दिवसांनी आजोबांनी मला बोलावून एक पान दाखवलं. कडेला एक डाग, पाण्यात भिजल्यासारखा, हिरवटकाळा, भोवती जरा फिकट पिवळी कड. मी म्हटलं हे मी पाहिलंय. ते म्हणाले, उलटं करून बघ. पानाखाली, डागाच्या बरोबर कडेकडेने, पांढरी अगदी बारीक लव. ती फक्त सकाळी दिसते, दव असेपर्यंत, ऊन लागलं की गायब. त्या लवेतच सगळा खेळ आहे. तिच्यावर लिंबाच्या आकाराचे बीजाणू धरतात, डोळ्यांना न दिसणारे, ते वाऱ्यावर उडतात आणि शेजारच्या शेतात जाऊन पडतात. हवा गार असेल आणि पानावर पाण्याचा थेंब असेल तर एकेक बीजाणू फुटून त्यातून आणखी पिल्लं निघतात, प्रत्येकाला दोन शेपट्या, आणि ती त्या थेंबात चक्क पोहतात. पोहत पोहत पानात शिरतात. म्हणून तर हा रोग धुई, रिमझिम आणि ढगाळ हवेचा लाडका. पाऊस जोराचा झाला की तेच बीजाणू धुऊन मातीत उतरतात, बटाट्यापर्यंत पोचतात, आणि मग वरून धडधाकट दिसणारा बटाटा कापला की आत विटकरी डाग. नंतर त्याचा चिखल होतो आणि घाण वास सुटतो. तो वास ज्याने एकदा घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको.

शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. आपण सगळे त्याला बुरशी म्हणतो, औषधाच्या डब्यावरही बुरशीनाशकच लिहिलेलं असतं, पण वंशावळ काढली तर हा प्राणी बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा निघतो. असो.

आता १८४५. हा रोग अमेरिकेतून आला, तिथे फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कच्या आसपास १८४३ मध्येच दिसलेला, दोन वर्षांनी उन्हाळ्यात बेल्जियममध्ये, आणि ऑगस्टमध्ये डब्लिनच्या ग्लासनेव्हिन इथल्या वनस्पती उद्यानात. सप्टेंबरात बातमी पक्की झाली. त्या वर्षी एक तृतीयांश ते निम्मं पीक गेलं, लोकांनी कोंबड्या-डुकरं विकून, उसनवारी करून वर्ष काढलं, बेणं जपलं आणि पुन्हा लावलं. १८४६ ची लावणी झक्कास उगवली. थिओबाल्ड मॅथ्यू नावाचे एक पाद्री होते, दारूबंदीचं काम करणारे, सगळ्या देशात नाव. ते जुलैच्या शेवटी कॉर्कहून डब्लिनला गेले तेव्हा वाटेत दुतर्फा बटाटा फुलावर होता, आणि आठवडाभरात, ३ ऑगस्टला, त्याच रस्त्याने परत आले तर सगळीकडे सडलेला पाला. लोक आपल्या वाफ्यांच्या कुंपणावर बसून हात चोळत रडत होते, असं त्यांनी सरकारला पत्रात कळवलं. एका आठवड्यात! त्या साली तीन चतुर्थांशाहून जास्त पीक गेलं.

आणि सरकारने काही केलं नाही असं नाही हं, पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी पहिल्याच वर्षी, १८४५ मध्ये, तीन शास्त्रज्ञांची समिती नेमली होती. समितीने सल्ला काय दिला, तर बटाटे कोरडे करून हवेशीर खड्ड्यात ठेवा आणि सडलेले किसून त्यातलं सत्त्व काढा. समितीचा अहवाल कुठल्याही काळातला घ्या, मला वाटतं वास एकच येतो. रोगाचं कारण समितीला कळलंच नव्हतं, त्यांना वाटलं जास्त पाण्याने झाड आतून कुजतंय. माइल्स बर्कली नावाचा एक इंग्लिश पाद्री मात्र घरी सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणत होता की ही पांढरी लव हेच मूळ आहे, तो सडण्याचा परिणाम नाही. त्याला फारसं कोणी विचारलं नाही. ते पक्कं सिद्ध व्हायला १८६१ साल उजाडलं, जर्मनीत, आंतोन द बारी यांच्या हातून.

हे सगळं मी एकदा आप्पांना व्हिडिओ कॉलवर सांगत होते. आप्पांनी आयुष्यभर बटाटा केलाय, करपा किती वेळा बघितला असेल याची गणती नाही. ते ऐकून घेत होते, मधेच म्हणाले, "अगं पण पोरी, करप्यानं पीक जातं. माणसं कशी जातील? आमचं किती वेळा समदं रान गेलं. कर्ज झालं, तुझ्या आईचे दागिने गेले. पण माणूस मेला न्हाई कधी."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर आयर्लंडबद्दल विचारण्यासारखा प्रश्न एवढाच आहे, बाकी सगळी माहिती.

कारण आकडे काय आहेत बघा. १८४१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार. १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजार. दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, दहा लाखांहून जास्त बोटीत बसून निघून गेली. आणि हाच रोग त्याच वर्षांत बेल्जियममध्ये होता, हॉलंडमध्ये होता, स्कॉटलंडमध्ये होता. हाल तिथेही झाले, माणसं तिथेही गेली, पण असं नाही.

तर उत्तर जमिनीत आहे. जमीन सगळी जमीनदारांची, त्यातले कितीतरी इंग्लंडात बसून खंड खाणारे. कुळ ओट्स-गहू पिकवायचं, डुक्कर पाळायचं, ते सगळं खंडापोटी विकायचं, आणि स्वतःच्या पोटासाठी राहिलेल्या तुकड्यात बटाटा. कारण एवढ्याशा तुकड्यात अख्खं घर वर्षभर खाईल असं दुसरं काही पिकतच नाही. मजुराकडे तर तेवढाही तुकडा नव्हता, तो एका हंगामापुरता वाफा भाड्याने घ्यायचा आणि भाडं मजुरी करून फेडायचा. कामकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटा खायचा, सोबत ताक, मिळालं तर हेरिंग मासा. साधारण तीस लाख लोक दुसरं काही खातच नव्हते म्हणा ना. आणि जात एकच, लंपर नावाची, ओबडधोबड, बेचव, पण हलक्या रानात पोतीच्या पोती देणारी. बेणं कापून लावायचं, त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी झाडं एकाच झाडाची पिल्लं, एक पडलं की सगळी पडणार.

आप्पांकडे बटाटा गेला तरी ज्वारी होती, रेशन होतं, म्हशीचं दूध होतं, बटाटा विकायला होता, जगायला नव्हता. उलट आपल्याकडे तर बटाटा कधी खातो, तर उपासाला! हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांना ते पचायलाच वेळ लागला. की आमच्याकडे लोक देवासाठी जेवण सोडतात आणि मग साबुदाण्यात घालून बटाटा खातात. ते म्हणाले आमच्याकडे बटाटा सोडला की उरायचंच काय. हसत म्हणाले, पण म्हणाले.

दुसरा भाग सरकारचा. पील यांनी गुपचूप एक लाख पौंडांचा मका अमेरिकेतून मागवला होता, तो दगडासारखा कडक, दळायला चक्क्या नाहीत, शिजवायची माहिती नाही, खाऊन पोटं बिघडली, पण निदान बाजारात भाव तरी थोडे रोखले गेले. हे वाचताना मला आजीची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आलेली, भाकरी धड थापली जायची नाही, पोरं तोंड वेडंवाकडं करायची, आजी सांगायची, "मिलो खाऊनशान जगलो गं आपण." आणि दुष्काळी कामावर खडी फोडायची, वर सुकडी मिळायची. आयर्लंडमध्येही तेच, रस्त्याची कामं काढली, मार्च १८४७ मध्ये सात लाखांवर माणसं खडी फोडत होती. फरक असा की तिथली मजुरी धान्याच्या भावाला पुरायची नाही, आणि त्या वर्षीच्या बर्फात उपाशी माणसं उघड्यावर दगड फोडताना पडायची. काही रस्ते तर कुठेच जात नाहीत, डोंगरात मधेच संपतात, अजून आहेत.

१८४६ च्या जूनमध्ये पील यांचं सरकार गेलं, लॉर्ड जॉन रसेल पंतप्रधान झाले, आणि खजिन्याच्या किल्ल्या ज्यांच्या हातात होत्या ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांचं मत पक्कं की बाजारात सरकारने हात घालू नये आणि ही आपत्ती म्हणजे ईश्वरी योजनाच आहे. हे नाव आपल्याला अगदी परकं नाही. गृहस्थ तरुणपणी दिल्लीत कंपनीच्या नोकरीत होते, आपल्या शाळेच्या पुस्तकांतल्या त्या मेकॉलेची बहीण यांची बायको, आणि आयर्लंडचं सगळं उरकल्यावर १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर म्हणून परत हिंदुस्थानात हजर. आणि याच हिंदुस्थानातून, कलकत्त्यातून, आयर्लंडसाठी वर्गणी गेली होती, अगदी सुरुवातीलाच, सुमारे १४ हजार पौंड, त्यात आयरिश शिपाई-अधिकारी होते तसे इथले धनिकही होते.

१८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने काही महिने फुकट सूप वाटलं, जुलैत रोज तीस लाख माणसं जेवत होती. म्हणजे मनात आणलं तर जमत होतं! मग ते बंद केलं. आणि त्याच जूनमध्ये कायद्यात एक कलम घातलं, ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला मदत नाही. पाव एकर म्हणजे किती? दहा गुंठे. मी आप्पांना हेच सांगितलं, की दहा गुंठ्यांच्या वर जमीन असली की ती सोडून द्यायची, तेव्हा पोराला वाटीभर काही मिळणार. आप्पा गप्प झाले. शेतकऱ्याला दहा गुंठे म्हणजे काय हे दुसऱ्या कशाने समजावता येत नाही. काहींनी जमीन सोडली, जमीनदारांनी मागे घरं पाडली की परत यायला नको. काहींनी नाही सोडली. हे कलम आणणारा विल्यम ग्रेगरी आमच्याच गॉलवेचा जमीनदार, पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला.

आप्पा जरा वेळाने म्हणाले, "मग करप्याचं नाव कशाला घेतात?"

बरोबर आहे त्यांचं. इंग्रजीत याला सरसकट बटाट्याचा दुष्काळ म्हणतात, म्हणजे सगळा दोष बटाट्यावर. आयरिश लोक तसं म्हणत नाहीत. दूखन म्हणजे फक्त पानावर आलं ते. माणसांवर आलं त्याला आजोबा 'द्रोखहील' म्हणतात, वाईट दिवस, वाईट जिणं. पुस्तकात 'गोर्ता मोर' म्हणजे मोठी भूक असंही असतं, पण त्यांच्या आजीच्या तोंडी द्रोखहीलच होतं. आपण नाही का करपा वेगळा आणि दुष्काळ वेगळा म्हणत, तसंच. करप्यावर औषध मारता येतं. दुष्काळ कोणी आणला याची चौकशी करावी लागते.

त्यात आणखी एक गोष्ट अशी की हे शब्द ज्यांचे होते तेच सगळ्यात जास्त मेले. पश्चिम आणि दक्षिणेकडचे गरीब, बटाट्यावर जगणारे, ते बहुतेक आयरिश बोलणारे. बोटीत बसले तेही तेच. मागे राहिलेल्यांनी पोरांना इंग्रजी शिकवायला घेतलं, कारण बोटीचं तिकीट काढायचं तर बॉस्टनला आयरिश चालत नाही. १८५१ च्या शिरगणतीत पहिल्यांदा भाषा विचारली तेव्हा आयरिश येणारे पंधरा लाख उरले होते, चारात एकही नाही. आजोबांचे स्वतःचे नातू शाळेत आयरिश शिकतात, सक्तीचा विषय, आणि त्यांना दूखन माहीत नाही, त्यांना ब्लाइट माहीत आहे.

मला या शब्दाबद्दल अजून वाचायचं होतं म्हणून मी नेटवर शोधायला गेले, एक अक्षर चुकलं आणि भलतीकडेच पोचले. 'दूखन'च्या जागी 'दूखस' झालं, आणि त्याचा अर्थ वारसा, रक्तातून आलेलं. दिसायला बहिणी, पण कुळं वेगळी. याच नावाने त्यांच्या लोककथांचा मोठा संग्रह ऑनलाइन ठेवलेला आहे. १९३७ ते १९३९ मध्ये सरकारने प्राथमिक शाळेतल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरी आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. तेव्हाच्या आजी-आजोबांचे आई-बाप त्या वाईट दिवसांतून वाचलेले. त्यामुळे पोरांच्या गिचमिड अक्षरात काय काय सापडतं, कुठल्या घरातली माणसं गेली, कुठल्या शेतात पुरली, सुपाची कढई कुठे लावली होती. 'फेर गोर्तख', भुकेलं गवत, याच्याही गोष्टी आहेत. उपासमारीने कोणी जिथे पडलं तिथे हे गवत उगवतं, त्यावर पाय पडला की धडधाकट माणसाला एकदम भोवळ येण्याइतकी भूक लागते, म्हणून रानात जाताना खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा. आजोबांच्या कोटाच्या खिशात अजून बिस्किट असतं. विचारलं तर म्हणतात शुगरसाठी.

करप्यावरचं औषध सापडायला मात्र चाळीस वर्षं गेली आणि तेही चोरांमुळे. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेली लोक ओरबाडून न्यायचे म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद आणि चुना फासायचे, निळं विषारी दिसावं म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी बघितलं की रस्त्याकडेच्याच वेलींना केवडा नाही. १८८५ मध्ये त्यांनी ते छापलं. ते हे आपलं बोर्डो मिश्रण, नाशिकच्या द्राक्षापासून कोकणातल्या सुपारीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, आणि शेवटी विळा बुडवून बघायचं, पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय. आजोबांना हे सगळं माहीत होतं! फक्त त्यांच्याकडे चुन्याऐवजी धुण्याचा सोडा घालायचे. वडिलांचे हात उन्हाळाभर निळे असायचे म्हणाले. मोरचुदाला ते निळा दगड म्हणतात.

रोग अर्थातच संपलेला नाही. तो दरवर्षी कात टाकतो, नवे वंश येतात, काही औषधांना दाद देत नाहीत, इथले कृषी संशोधनवाले दर हंगामात डागाळलेली पानं गोळा करून कुठला वंश आला ते बघत बसलेले असतात. आपल्याकडे शिमल्याची बटाटा संशोधन संस्था तेच करते, हवामानावरून अंदाज देते, तिचीच कुफरी ज्योती आमच्या पठारावर किती वर्षं चालली. आता कंपनी सांगेल ती जात.

परवा मी आप्पांना आणि आजोबांना समोरासमोर आणलं, म्हणजे फोन कुंपणावर टेकवून. मधे मी दुभाषी. आप्पांनी पहिल्यांदा सगळी सरी नीट बघितली, फोन खाली धर, अजून खाली, आणि म्हणाले, "भर कमी हाय. त्यांना सांग माती वर ओढा, रोग धुऊन खाली जातो तवा बटाटा उघडा नको." आजोबा म्हणाले माती आहेच कुठे, इथे हातभर खाली खडक, आमच्या बापजाद्यांनी समुद्रावरून शेवाळ पाठीवर वाहून आणून त्यावर बटाटा केला. हे मी मराठीत सांगितल्यावर आप्पा एकदम सावरून बसले. शेवाळ? तेच का ते, बाटलीतून मिळतं ते? कृषी सेवा केंद्रात समुद्री शेवाळाचा अर्क म्हणून चांगले पैसे मोजून आणतात ते. "फुकट मिळतं? किती बी?" आजोबा म्हणाले भरती येईल तेवढं.

मग गाडी पाल्यावर आली. रोग दिसला की पाला कापून बाहेर टाकायचा आणि बटाटा काही दिवस जमिनीतच राहू द्यायचा, साल पक्की होते आणि वरचे बीजाणू मरतात, यावर दोघांचं लगेच एकमत. किती दिवस यावर नाही. आप्पा म्हणाले दहा-बारा दिवस बास, जास्त ठेवला तर पाऊस खातो. आजोबा म्हणाले तीन आठवडे, एक दिवस कमी नाही, त्यांच्या आईने कधी आधी फावडं लावू दिलं नाही. मी दोन्हीकडून बोलणी खाल्ली. शेवटी आजोबांनी त्यांना हवं तेच केलं, आणि आप्पा आता रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फोटोच्या खाली विचारतात, काढला का.